बकरी (अंशतः) येणे बाकी

इमारतीच्या सेक्रेटरी काकांचा डावा गुडघा बरा झाला. पाच वर्षं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर "आई गं" म्हणणारा हा माणूस एका मंगळवारी सकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेला, पाण्याच्या टाकीत डोकावला आणि "अर्धीच भरलीय!" असं ओरडत पळत खाली आला. ऊती-अभियांत्रिकीच्या, म्हणजे शरीराचे भाग प्रयोगशाळेत वाढवण्याच्या शास्त्राच्या, इतिहासात हा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला असता. पण संशोधन संस्थेच्या नीतिमत्ता समितीने एकमताने ठराव केला आहे की असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू. गुडघा दुखतो आहे. काका खालच्या पायरीवर बसले आहेत. टाकीत पाणी किती, हे कुणालाच माहीत नाही.

आता जे घडलं नाही, ते कसं घडलं ते ऐका.

त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक तरुण राहायचा. अख्खी इमारत त्याला 'डॉक्टर' म्हणायची आणि तो डॉक्टर नव्हता. तो त्या संशोधन संस्थेत कूर्चा वाढवायचा. दोन हाडांच्या मध्ये जी गुळगुळीत गादी असते ना, ती. एकदा झिजली की ती शरीरात पुन्हा उगवत नाही, म्हणून हा ती काचेच्या बशीत उगवायला बसला होता. सहा वर्षांत ती शर्टाच्या बटणाएवढी झाली होती. पुढच्या बटणाएवढी, कॉलरच्या नव्हे. हा फरक प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात सविस्तर मांडलेला आहे.

'डॉक्टर' ही पदवी त्याला त्याच्या आईने दिली होती, प्रवेश मिळाला त्याच संध्याकाळी. "आज ना उद्या होणारच आहे," ती म्हणाली, "मग लोकांना दोनदा कशाला सांगत बसायचं?" तेव्हापासून लोक त्याला जिन्यात घसे दाखवत. तो म्हणे, "मी तसला डॉक्टर नाही." लोक विचारत, "मग कसला?" आणि उत्तर सुरू होईपर्यंत त्यांचा मजला येई. सहा वर्षांत हे उत्तर त्याने एकदाही पूर्ण केलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याला ते त्रेसष्ट माणसांसमोर पूर्ण करायचं आहे.

प्रबंध तयार होता. पाच प्रती, गडद निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. तीस तारखेला त्याच्या नोंदणीची सहा वर्षं संपत होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचला संस्थेच्या कार्यालयाची खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध आत गेला तर ठीक; नाहीतर नाव कटणार, आणि मग पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा मुलाखत, आणि पुन्हा बटण. म्हणून शहाण्या माणसासारखा तो अकरा तारखेलाच खिडकीवर हजर झाला.

हेडक्लार्कनी प्रबंध हातात घेऊन तोलून पाहिला. वाचायचं काम परीक्षकांचं असतं.

"नमुना सतरा कुठंय?" ते म्हणाले.

"तो कसला?"

"लोकाभिमुखता. जनजागृतीचं एक दिवसाचं प्रशिक्षण. मग सामान्य नागरिकांपुढे एक कार्यक्रम. मग पंचवीस नागरिकांच्या सह्या, विषय समजल्याबद्दल."

"पण सहा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही!"

"जनजागृतीची जागृती करायचं काम या खिडकीकडे नाही," हेडक्लार्क म्हणाले. "आणि सामान्य म्हणजे सामान्य हं. मागे एकाने आपल्याच प्रयोगशाळेतल्या पोरांच्या सह्या आणल्या होत्या. परत पाठवल्या. त्यांना तर विषय समजलाही नव्हता."

डॉक्टर धावत आपल्या मार्गदर्शक मॅडमकडे गेला. मॅडम सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. गेल्या सहा वर्षांत त्याने त्यांचा चेहरा समोरून फार तर चार वेळा पाहिला असेल. "करून टाक रे," त्या वर न बघता म्हणाल्या. "एखादं जादाचं बटण ने बरोबर. लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे. आणि सोपं बोल. लोकांना समजावणं सोपं असतं."

हे वाक्य आजवर फक्त अशाच माणसांनी उच्चारलं आहे ज्यांनी लोकांना काही समजावलेलं नाही.

चौदा तारखेला प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण देणाऱ्या बाई पूर्वी विमा समजावून सांगायच्या. लोकांना विमा समजला नव्हता, पण आवडला होता, आणि त्या जोरावर संस्थेने त्यांना विज्ञानासाठी बोलावलं होतं. समोर बारा संशोधक बसले होते आणि भिंतीवर एकच वाक्य होतं: 'संशोधन लोकांच्या कामी आलं पाहिजे.'

"आजीला समजेल असं बोला," बाई म्हणाल्या.

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला की त्याची आजी भौतिकशास्त्राची प्राध्यापिका होती. बाईंनी त्याला ताबडतोब गटचर्चेतून वगळलं. मग त्या डॉक्टरकडे वळल्या. "तुमचं काय?"

डॉक्टरने सांगितलं. आधी एक जाळीदार सांगाडा बनवायचा, त्यात पेशी पेरायच्या, पेशी तिथे राहतात, वाढतात, आपल्याभोवती स्वतःची कूर्चा तयार करतात, आणि दरम्यान तो सांगाडा हळूहळू विरघळून जातो.

बाईंनी डोळे मिटले. आतून काहीतरी येत असल्यासारखे त्यांचे हात वर गेले. "इमारत!" त्या म्हणाल्या. "सांगाडा म्हणजे इमारत. पेशी म्हणजे भाडेकरू! भाडेकरू येतात, संसार थाटतात, हातपाय पसरतात. हळूहळू इमारत नाहीशी होते आणि उरतात ते फक्त भाडेकरू. अहाहा! हेच सांगा. एक अक्षर बदलू नका."

डॉक्टरने ते वहीत उतरवून घेतलं. सांगितलेलं तंतोतंत करणं हा त्याच्या संशोधनाचा मोठाच गुण होता. त्याला एवढंच आठवलं नाही की त्याच्या इमारतीत घरमालक आणि भाडेकरू गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण पाण्याचं होतं. गच्चीवरची टाकी बघायचं काम सेक्रेटरी काकांचं. काका घरमालकांचे पुढारी. पण त्यांचा डावा गुडघा पाच वर्षांपूर्वी कामातून गेला, तेव्हापासून ते टाकी खालूनच बघत. तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई म्हणजे भाडेकरूंच्या पुढारी. निवृत्त झाल्या होत्या, पण गुण कापायची सवय निवृत्त झाली नव्हती. काका जिन्यात लावत त्या प्रत्येक सूचनेवर त्या लाल पेनाने शेरा मारायच्या.

डॉक्टर कार्यक्रमाची सूचना घेऊन आला तेव्हा दोघंही जिन्यातल्या फळ्यापाशी उभी होती, एकमेकांकडे पाठ करून.

"'ऊती-अभियांत्रिकी: एक परिचय,'" काकांनी वाचलं. "अहो डॉक्टर, असल्या नावाला कुत्रं फिरकणार नाही. कूर्चा कुठे असते?"

"सांध्यांत. म्हणजे गुडघ्यात वगैरे."

"ती झिजली की दुखतं ना?"

"हो, पण माझं काम अजून—"

"मग लिहा की गुडघेदुखी! लाजता काय?"

"मी उपचार करत नाही, काका. मी फक्त माहिती देणार आहे."

"मग माहिती लिहा. 'गुडघेदुखी: माहिती.' आणि मोठ्या अक्षरांत."

"त्याखाली 'सर्वांसाठी, भाडेकरूंसह' असं लिहा," गणिताच्या बाई फळ्याला म्हणाल्या. "काही लोकांच्या सर्वांमध्ये आम्ही धरलेले नसतो."

घरी आईने कागद पाहिला आणि खाली 'चहा आहे' ही ओळ घातली, कारण तिच्या मते माणसं माहितीसाठी बसत नाहीत. फळ्यावर शेवटी जो कागद लागला त्यावर मोठ्या अक्षरांत 'गुडघेदुखी' होतं, मध्यम अक्षरांत 'आपले डॉक्टर', त्याखाली चहा आणि भाडेकरू. 'ऊती-अभियांत्रिकी' हा शब्द टाचणीखाली गेला होता.

वीस तारखेला, रविवारी, डॉक्टर बटण आणायला संस्थेत गेला. बटण गुलाबी पोषकद्रवाच्या छोट्या बाटलीत होतं. दारावर पहारेकऱ्याने वही उघडली.

"काय नेताय?"

"कूर्चेचा नमुना."

"यंत्र, फर्निचर की प्राणी? तीनच रकाने आहेत."

"यातलं काहीच नाही."

"जिवंत आहे का?"

इथे डॉक्टरचं चुकलं. त्याने खरं सांगितलं. "पेशी जिवंत आहेत."

"कुणाच्या?"

"बकरीच्या. पण बकरी नाहीये यात. सहा वर्षांपूर्वी—"

पहारेकऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. त्याने एकदा बाटलीकडे पाहिलं आणि एकदा रकान्याकडे. तो प्रामाणिक माणूस होता. अख्खी बकरी लिहायला त्याचा हात धजेना. बराच विचार करून त्याने लिहिलं: 'बकरी, १ (अंशतः). परत येणार.'

"उद्या संध्याकाळपर्यंत आणून द्या," तो म्हणाला. "आणि जेवढी नेली तेवढीच आणा."

बाटली गार पडून चालणार नव्हतं. पेशींना अंगाएवढी ऊब लागते. म्हणून डॉक्टरने ती काखेत धरली आणि तसाच, एक हात अंगाला चिकटवून, पाऊण तास बसमध्ये उभा राहिला. शेजारच्या बाईंनी उठून त्याला जागा दिली आणि हाताला काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, कूर्चा आहे." बाईंनी सहानुभूतीने मान हलवली.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या सभागृहात त्रेसष्ट माणसं होती. डाव्या बाजूला मालक, उजव्या बाजूला भाडेकरू, मध्ये चहाचं टेबल. डॉक्टरचा ऊर भरून आला. त्याच्या शोधनिबंधाला आजवर नऊ वाचक मिळाले होते, त्यांतले चार तो स्वतः होता. त्याने प्रशिक्षणातलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं, बाटली टेबलावर ठेवली, शेजारी नमुना सतरा ठेवला. त्यावर तीन रकाने होते: नाव, सही आणि 'काय समजले?' मग तो उभा राहिला आणि प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे हसला.

"समजा," तो म्हणाला, "एक इमारत आहे."

"आहेच," मागून कुणीतरी म्हणालं.

"या इमारतीत भाडेकरू येतात. ते संसार थाटतात. हातपाय पसरतात."

डावीकडच्या खुर्च्या कुरकुरल्या.

"सुरुवातीला इमारत त्यांना आधार देते. पण हळूहळू," इथे त्याने प्रशिक्षणाच्या बाईंसारखेच हात वर नेले, "इमारत विरघळते! आणि शेवटी उरतात ते फक्त भाडेकरू. हेच आमच्या संशोधनाचं यश!"

त्याचे हात अजून वरच होते. मग उजव्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला आणि डावी बाजू उभी राहिली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" सेक्रेटरी काका गरजले.

"संस्थेने. अधिकृत प्रशिक्षण होतं."

"म्हणजे वरूनच ठरलंय सगळं!"

"काका, भाडेकरू म्हणजे पेशी हो!"

"आता आम्हाला पेशी म्हणतात," गणिताच्या बाई थंडपणे म्हणाल्या, आणि टाळ्या थांबल्या. एका वाक्यात दोन्ही बाजू विरोधात नेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. यानंतर तीन वर्षांचं तुंबलेलं बोलणं एकदम सुरू झालं. टाकी, जिन्यातला दिवा, वाळत घातलेले कपडे, सगळं निघालं. तीन वर्षं अबोला धरलेली माणसं तास-दीड तास एकमेकांशी बोलली; याला जनजागृती म्हणायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

सभागृह रिकामं झालं तेव्हा नमुना सतरावर पाच सह्या होत्या. त्यांतले चौघं भाषणभर झोपले होते, म्हणून त्यांचा कुणावर राग नव्हता. पाचव्या गणिताच्या बाई. 'काय समजले?' या रकान्यात त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं: 'वक्त्यास विषय समजलेला नाही.'

आणि बाटलीत बटण नव्हतं.

डॉक्टर टेबलाखाली शिरला, खुर्च्या उलट्या केल्या, कपांचे तळ पाहिले. आईने सगळे कप पुन्हा मोजले आणि एक जास्तच भरला, त्याने घोळ आणखी वाढला. सोमवारी पहारेकऱ्याने वही पुढे करून विचारलं, "बकरी?"

"उद्या," डॉक्टर म्हणाला.

मंगळवारी सकाळी काका जिन्यातून पळत खाली आले, ते आपण सुरुवातीला पाहिलं आणि घडलं नाही असं ठरवलं. डॉक्टर दात घासत दारात उभा होता. काकांच्या डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज गच्च गुंडाळलेलं होतं.

"ते माझं बँडेज आहे," आई म्हणाली. "परवा मागून नेलं. म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला. "काका, बँडेजखाली काय आहे?"

काकांनी मोठ्या अभिमानाने गुडघा थोपटला. "तुमचंच बटण. त्या गोंधळात म्हटलं, कुणी भाडेकरूने लांबवण्याआधी आपणच उचलावं."

"अहो, ते वरून बांधून काही होत नसतं! ते आत बसवावं लागतं, शस्त्रक्रिया करून. तेही अजून बकरीतसुद्धा बसवून झालेलं नाही. आणि आता ते मेलंय, काका. वाळलंय."

"मेलं असेल. गुण गेलेला नाही."

"गुण बँडेजचा आहे! गुडघा आवळून धरलाय म्हणून बरं वाटतंय!"

"डॉक्टर," काका मायेने म्हणाले, "विनय चांगला. पण इतका नसावा."

दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली, संध्याकाळी शेजारच्या दोन इमारतींत गेली. बुधवारी डॉक्टर घरी आला तर दारापासून जिन्यापर्यंत रांग. सर्वांत पुढे गणिताच्या बाई.

"तुमचा तर विश्वास नव्हता," डॉक्टर म्हणाला.

"नाहीच आहे. पण रांगेत पहिलं राहायला विश्वास लागत नाही. तो कागद आणा."

"बाई, हा कागद विषय समजल्याबद्दलचा आहे. यात नंबर लावायचा नसतो. मी कुणालाही बटण देणार नाही."

"असं म्हणावंच लागतं तुम्हाला, माहितीये," रांगेतून आवाज आला. "कायद्याचं असतं."

"खरंच नाही देणार!"

"कळलं, कळलं," सगळे एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले.

त्याने चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कागदावर सव्विसावी सही होते आहे. त्याने तोंड मिटलं. आपण त्याच्या जागी असतो तर पाचव्यांदाही सांगितलं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी सहा वर्षं एक बटण वाढवून दाखवावं. रांग संपली तेव्हा एकेचाळीस सह्या झाल्या होत्या. 'काय समजले?' या रकान्यात लोकांनी लिहिलं होतं: डावा. उजवा. दोन्ही, पण उजवा आधी. खांदा चालेल का? सासूबाईंचा डावा, घाई नाही.

गुरुवारी हेडक्लार्कनी सह्या मोजल्या. "पंचवीस हव्या होत्या, एकेचाळीस आहेत. छान." रकाने वाचायचं काम त्यांचं नव्हतं. त्यांनी कागद जनजागृती विभागाकडे पाठवला. तिथे प्रशिक्षणाच्या बाईंनी तो वाचला, त्यांचे डोळे भरून आले, आणि शनिवारी संस्थेच्या दर्शनी फलकावर बातमी लागली: 'आमच्या प्रशिक्षणार्थीचा उपक्रम: एकेचाळीस नागरिकांचे गुडघे प्रतीक्षेत, एक बरा.'

नीतिमत्ता समितीचं कार्यालय त्या फलकासमोरच आहे.

सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, समिती बसली. अध्यक्ष, एक वकील आणि नियमानुसार एक सामान्य नागरिक.

"हे भाषण होतं की प्रयोग?" अध्यक्षांनी विचारलं.

"भाषण."

"मग गुडघा मध्ये कुठून आला?"

"तो ऐकायला आला होता, साहेब."

"माणसावर प्रयोग करायची परवानगी घेतली होती?"

"प्रयोग केलाच नाही. त्यांनी स्वतःच उचलून बांधलं."

"आणि दारावरच्या वहीत आठ दिवस एक बकरी येणे आहे," वकील म्हणाले. "अंशतः. उरलेली कुठे आहे?"

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. "त्यांचं दुखणं तसंच राहिलं असतं तर काही प्रश्न नव्हता. भाषण म्हणून सोडून दिलं असतं. भाषणाने कुणाला गुण येत नाही. पण गुडघा बरा झाला, म्हणजे हा उपचार ठरतो. विनापरवाना उपचार म्हणजे संस्थेला कुलूप."

सामान्य नागरिकाने हळूच बोट वर केलं. "उजव्या गुडघ्यालाही चालतं का हो ते?"

तासाभराने ठराव झाला: सदर कार्यक्रम झालेलाच नाही. संस्था वाचली. डॉक्टर मात्र आगीतून फुफाट्यात गेला, कारण न झालेल्या कार्यक्रमाच्या सह्या बाद होत्या आणि नमुना सतरा पुन्हा कोरा. अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. जाता जाता त्यांनी एक वाट दाखवली: बटण दारावर परत आलं आणि त्या गृहस्थांनी गुडघा दुखतोय असं लिहून दिलं, तर ते पुन्हा भाषण मानता येईल.

मंगळवारी डॉक्टरने काकांना जिन्यात गाठलं. ते गच्चीकडे निघाले होते, दिवसातून तिसऱ्यांदा.

"काका, फक्त एक कागद. 'गुडघा दुखतो.' दोन शब्द. उद्या संध्याकाळपर्यंत. माझी सहा वर्षं आहेत हो त्यात."

"खोटं लिहू? बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीये मी."

"म्हणजे सवय असेल," दाराआडून आई म्हणाली.

"मग निदान बटण तरी द्या," डॉक्टर म्हणाला. " वाळलेलं, मेलेलं, कसंही."

काका दोन पायऱ्या खाली आले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "डॉक्टर, पाच वर्षं मी हा जिना बसून चढलोय. कुणी बघू नये म्हणून दुपारचा. तुम्हीच त्या दिवशी भिंतीवर लावलं होतंत ना, संशोधन लोकांच्या कामी आलं पाहिजे? आलं की. आता परत काय मागता?"

डॉक्टरने वहीतली पानं मनातल्या मनात उलटली. प्रशिक्षणात हे आलेलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून गणिताच्या बाई डोकावल्या. "आठवडाभर दोन्ही वेळ पाणी येतंय. त्या गुडघ्याला हात लावाल तर याद राखा." त्यांच्यामागे आणखी सात-आठ डोकी दिसली. मालक कोणते आणि भाडेकरू कोणते, हे खालून ओळखू येत नव्हतं.

आईने त्याला वाढलं आणि समोर बसली. "नाही मिळालं तर नाही," ती म्हणाली. "लोक तसेही डॉक्टरच म्हणतात."  डॉक्टरने जेवण संपवलं, हात धुतले आणि कोरा कागद घेतला. तीस तारखेला सकाळी साडेदहाला, निळ्या बांधणीच्या पाच प्रती काखेत धरून, त्याने खिडकीवर दिलेला अर्ज असा:

'प्रति, माननीय अध्यक्ष, नीतिमत्ता समिती यांस. विषय: एकच कार्यक्रम झालेला आणि न झालेला धरण्याबाबत. महोदय, माननीय समितीच्या ठरावाबद्दल अर्जदाराच्या मनात पूर्ण आदर असून, सदर कार्यक्रम समितीपुरता झालेला नाही हे त्यास मान्य आहे. तो केवळ नमुना सतरापुरता झाला आहे असे मानावे. दारावरील वहीत येणे असलेली बकरी (अंशतः) ही इमारतीच्या पाणीपुरवठ्याच्या कामी तूर्त गुंतलेली असल्याने, ती परत आली आहे असे समजून रकाना बंद करावा. सोबत बाटली जोडली आहे. तसेच, गुडघेधारकाने लेखी देण्यास नकार दिला असल्याने, सदर डाव्या गुडघ्यास आज सायंकाळी पाचपर्यंत, म्हणजे खिडकी बंद होईपर्यंत, पूर्ववत दुखण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. पाचनंतर तो बरा होण्यास अर्जदाराची काहीही हरकत नाही.'